पट्टे मारण्याआधी पावले मोजा: मराठवाड्यातील रस्ता सुरक्षा समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा रस्ता सुरक्षा समिती,
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव व बीड.

विषय: पादचाऱ्यांसाठी रस्ता ओलांडण्याच्या नव्या जागा ठरवताना तिथून रोज ओलांडणाऱ्या लोकांचे म्हणणे आधी ऐकून घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

बालाघाटच्या पायथ्याशी, चौपदरी रस्त्याला लागून असलेल्या एका गावातून मी हे पत्र आपल्याला लिहीत आहे. आमचे गावठाण रस्त्याच्या एका अंगाला आहे. शाळा, आरोग्य उपकेंद्र, एसटीचा थांबा, दूध संकलन केंद्र आणि निम्म्याहून अधिक शिवार दुसऱ्या अंगाला आहे. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला दिवसातून चार-सहा वेळा रस्ता ओलांडावाच लागतो. मराठवाड्यात कुठल्याही मोठ्या रस्त्याने निघालात तरी अशी गावे एकामागून एक लागतात. आधी एक अरुंद डांबरी रस्ता होता, त्याच्या दोन्ही बाजूंना वस्ती वाढली, मग तोच रस्ता दुपदरी झाला, पुढे चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला आणि एका गावाची दोन गावे झाली.

रस्त्यांच्या एका सरकारी खात्यात स्थापत्य अभियांत्रिकी सहायक म्हणून मी नोकरी केली. वाहतूक गणनेचे काम माझ्या वाट्याला अनेकदा आले. सलग सात दिवस, दिवस आणि रात्र, रस्त्याच्या कडेला पाळीपाळीने बसून येणारे-जाणारे प्रत्येक वाहन तक्त्यात टिपायचे. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावरून तिरपी. ट्रक, बस, मोटार, दुचाकी, ट्रॅक्टर, सायकल, एवढेच काय पण बैलगाडीलाही त्या तक्त्यात स्वतंत्र रकाना होता. पायी चालणाऱ्यासाठी मात्र माझ्या हातात आलेल्या एकाही तक्त्यात रकाना नव्हता. बैलगाडी मी मोजली, पण गाडीच्या मागून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालणारी बाई मोजली नाही. या तक्त्यांवरूनच रस्त्याची रुंदी ठरली, पुलांची लांबी ठरली, टोलनाके ठरले. त्या बाईचा रस्ता ओलांडण्याचा हक्क कोणत्याच आकड्यात आला नाही आणि ही खंत आज माझ्या मनात आहे. या पत्राचे मूळ तिथे आहे.

आपल्या समितीच्या बैठकीत जिल्हाधिकारी, पोलीस, परिवहन, बांधकाम आणि महामार्ग या सर्व खात्यांचे अधिकारी एका टेबलाशी बसतात. अन्यत्र प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवू शकते. आपल्या टेबलाशी ते शक्य नाही. म्हणूनच हे पत्र कोणा एका खात्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण कोणत्याही वाहनात बसलेला नव्हता. आपल्या भागात हे प्रमाण पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मराठवाड्यातल्या गावात माणूस एसटीतून उतरला की त्याचा उरलेला प्रवास पायीच असतो, आणि फाट्यावर उतरलेला निम्म्या वेळा गावाच्या उलट्या बाजूलाच उतरलेला असतो. जाताना नाही तर येताना, त्याला रस्ता ओलांडावाच लागतो.

आता आमच्या फाट्यावरची एक जागा आपल्याला दाखवतो.

रस्ता चौपदरी झाला तेव्हा झेब्रा पट्टे मारले गेले. मारलेच नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. पण ते एसटीच्या थांब्यापासून सुमारे चारशे मीटर पुढे, दुभाजकात वाहनांना वळण्यासाठी जिथे मोकळी जागा सोडलेली आहे तिथे मारले. आराखडा करणाऱ्याच्या दृष्टीने ते सोयीचे होते, कारण दुभाजक तिथे आधीच तुटलेला होता. पट्टे जिथे संपतात तिथे पलीकडे काटेरी झुडपांची चर आहे. माणसाने पट्ट्यांवरून रस्ता ओलांडायचा आणि मग चरीत उतरायचे, अशी ती रचना आहे. चारशे मीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे म्हणजे आठशे मीटर, सेकंदाला १.२ मीटर या नेहमी धरल्या जाणाऱ्या चालीने अकरा मिनिटे. वैशाखातल्या दुपारी, डांबरावरून, कडेवर मूल घेऊन हे अंतर कोणी चालणार नाही, आणि चालावे अशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही.

लोक कुठून जातात? थांब्याच्या बरोबर समोर दुभाजकावरच्या कण्हेरीच्या दोन झुडपांमध्ये एक फट आहे, माणूस आडवा होऊन शिरेल इतकीच. तिथल्या कर्बाचा, म्हणजे दुभाजकाच्या सिमेंटच्या कडेचा, पिवळा-काळा रंग पायांनी घासून गेला आहे आणि सिमेंटची धार बोथट होऊन गुळगुळीत झाली आहे. कण्हेरीच्या आतल्या फांद्या दुधाच्या किटल्या घासून मोडलेल्या आहेत. ही फट दोन वेळा तारेने बंद करण्यात आली आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत ती पुन्हा उघडली. संबंधितांनी याला गावकऱ्यांची बेशिस्त म्हटले. माझे मत वेगळे आहे. ती फट म्हणजे गावाने पायांनी लिहून दिलेले निवेदन आहे. रस्ता ओलांडायची जागा कुठे हवी याचा त्याहून नेमका पुरावा कोणत्याही सल्लागार कंपनीला सर्वेक्षणातून मिळणार नाही.

एका सकाळी शाळेच्या वेळेला मी तिथे उभा होतो. दुसरीतली एक मुलगी त्या फटीतून पुढे झाली. कण्हेर तिच्या डोक्याच्या दीड-दोन फूट वर होती, त्यामुळे दुभाजकालगतच्या पदरातून येणाऱ्या ट्रकला ती दिसत नव्हती आणि तिला ट्रक दिसत नव्हता. तिने एक पाऊल खाली टाकले, भोंगा वाजला, ती दचकून मागे सरली आणि हातातली पाण्याची बाटली सुटून रस्त्यावर घरंगळली. ती उचलायला ती वाकणार एवढ्यात मागच्या बाईने तिच्या दप्तराला धरून तिला ओढले. ट्रक निघून गेला. बाटली पलीकडच्या साईडपट्टीपर्यंत गेली होती. ती मुलीने नंतर उचलली, पुसली आणि शाळेत गेली. अपघात झाला नाही, म्हणून त्याची कुठेही नोंद नाही. दुभाजकावरची हिरवळ समोरच्या दिव्यांचा झोत अडवण्यासाठी उपयोगाची आहे हे मला माहीत आहे, परंतु माणसे जिथे ओलांडतात तिथे दोन्ही बाजूंनी पुरेशा अंतरापर्यंत ती गुडघ्याच्या खाली छाटलेली असली पाहिजे. यासाठी निविदा लागत नाही, एक कोयता पुरतो.

नोंद नसण्याचा प्रश्न मोठा आहे. अपघातप्रवण स्थळ ठरवण्याचा केंद्रीय निकष असा आहे की सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले पाहिजेत, अथवा तीन वर्षांत दहा मृत्यू झाले पाहिजेत. निधी कुठे आधी द्यायचा हे ठरवायला असा निकष लागतो, हे मान्य. पण जिथे घाबरून लोकांनी मुलांना एकटे पाठवणेच बंद केले आहे, जिथे म्हातारी माणसे पलीकडच्या दवाखान्यात जाणेच टाळतात, ती जागा या निकषात कधीच बसणार नाही. तिथे अपघात कमी दिसतात, कारण भीतीने माणसे घरी थांबलेली आहेत.

पादचारी मार्गाच्या जुन्या सूत्राचेही असेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेची पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शिका, आयआरसी १०३, पहिल्यांदा १९८८ साली आली आणि २०१२ व २०२२ साली सुधारण्यात आली. १९८८ च्या आवृत्तीत सिग्नलसारखी नियंत्रित ओलांडण्याची सोय कुठे द्यावी यासाठी एक हिशेब दिला होता: गर्दीच्या तासात ओलांडणाऱ्या माणसांची संख्या, गुणिले त्याच तासातल्या वाहनांच्या संख्येचा वर्ग. हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दहा कोटींच्या वर आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींच्या वर गेला पाहिजे. समजा एका फाट्यावर तासाला ६०० वाहने आणि ३०० माणसे आहेत, तर गुणाकार १० कोटी ८० लाख येतो आणि दुभाजक नसेल तर ती जागा जेमतेम पात्र ठरते. माणसे ३०० ऐवजी १५० असतील, आणि ती सगळीच्या सगळी पहिली ते सातवीची मुले असतील, तरी सूत्राला फरक पडत नाही, जागा अपात्र. सूत्रात वाहनाचा वर्ग होतो, माणसाचा होत नाही. त्याच मार्गदर्शिकेत वाहनांचा वेग, थांबावे लागणारा वेळ आणि पादचारी जखमी होण्याच्या घटना यांचाही विचार सांगितला होता, तरी प्रस्ताव फेटाळताना अजूनही ‘तेवढी वर्दळ नाही’ हेच वाक्य ऐकायला मिळते. म्हणून माझी विनंती आहे की मोजणी करायचीच तर ती माणसांचीही करावी, आणि मोजताना मूल, वृद्ध, गरोदर बाई, काठी टेकत चालणारा, ओझे घेतलेला असे वेगवेगळे रकाने ठेवावेत.

आम्ही गावात अशी मोजणी एक दिवस करून पाहिली. महिला बचत गटातल्या काही जणी आणि दहावीची मुले पहाटे साडेपाचपासून रात्री आठपर्यंत आळीपाळीने त्या फटीपाशी बसली. तक्ता मी समितीकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. इथे एवढेच सांगतो की शाळेची आणि संध्याकाळच्या एसटीची वेळ तर आम्हाला अपेक्षित होती, पण दिवसातली तिसरी गर्दी आम्हाला त्या दिवशीच कळली. ती उजाडायच्या आत होती. दूध घालायला जाणारी माणसे आणि शेतावर लवकर निघालेल्या बाया तेव्हा अंधारात ओलांडतात, आणि हायमास्टचा दिवा पेट्रोलपंपापाशी आहे, फटीपाशी नाही. गाड्या मोजायला आलेले पथक दुपारी येऊन गेले असते तर त्याला फाट्यावर चिटपाखरूही दिसले नसते.

वेगाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. रस्त्याची एक बाजू, म्हणजे दोन पदर आणि फरसबंद साईडपट्टी मिळून, साडेआठ मीटर धरू. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालते असे मानले तर तिला एवढे ओलांडायला साडेदहा सेकंदांहून अधिक लागतात. तेवढ्या वेळात ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ३०० मीटर येते. म्हणजे आजीने पाऊल टाकताना ३०० मीटरवरची मोटार ओळखली पाहिजे, तिचा वेग जोखला पाहिजे आणि मग ठरवले पाहिजे. हे तिच्याकडून होणार नाही. चालकाच्या बाजूने पाहिले तर त्या वेगात समोरचे पाहून थांबायला १८० मीटर लागतात असे आयआरसीचेच कोष्टक सांगते. ताशी ५० किलोमीटरला ६० मीटर पुरतात. धडक बसलीच तर ताशी ५० किलोमीटरपेक्षा ६५ किलोमीटरला पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यातून माझे एक ठाम मत झाले आहे. ताशी १०० किलोमीटरच्या रस्त्यावर नुसते पांढरे पट्टे मारू नयेत. असे पट्टे पायी चालणाऱ्याला खोटा धीर देतात आणि चालकाला काहीच सांगत नाहीत. आधी गावाच्या दोन्ही वेशींवर वेग उतरवला पाहिजे: वेगमर्यादेची ठळक पाटी, कडकड वाजणारे रंबल पट्टे, अरुंद वाटणारा रस्ता, दिवे, आणि मग पट्टे. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालण्यास केंद्रीय मंत्रालयाचा विरोध आहे याची मला कल्पना आहे, परंतु वेग कमी करण्याचे इतर उपाय खुले आहेत, आणि जिल्हा मार्ग व राज्य मार्गांवर पट्ट्यांची जागाच सपाट चबुतऱ्यासारखी उंच करता येते. दुभाजकाच्या मध्ये थांबायला पुरेशी, फरशी घातलेली, कर्ब उतरता केलेली जागा हवी, म्हणजे आजीला एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहावी लागतील आणि अर्ध्यात श्वास घेता येईल.

पादचारी पुलाचा पर्याय बैठकीत फार लवकर पुढे येतो. रस्त्याच्या वर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडायची, त्यात पुलाची जाडी मिळवायची, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या पायऱ्या धरल्या तर चाळीसच्या आसपास चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. ज्याच्या हातात दुधाची किटली आहे तो हे करणार नाही, आणि ज्याला चाकाची खुर्ची लागते तो करूच शकणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ अशा माणसाचाही विचार करायला सांगतो. भुयारी मार्ग चांगला, पण तो रस्ता बांधतानाच आराखड्यात असावा लागतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचते, मग माणसे पुन्हा वरूनच जातात. पाण्याचा निचरा कोण काढणार हे आधी ठरल्याखेरीज भुयारी मार्ग मंजूर करू नयेत.

आता विचारपूस करण्याबद्दल, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाते तेव्हा १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार अधिसूचना निघते आणि जमीनमालकाला २१ दिवसांत हरकत घेता येते. ज्याची दोन गुंठे जाते त्याचे ऐकण्याची कायद्यात तरतूद आहे. ज्याची पावले त्या जागेवरून पिढ्यानपिढ्या जात आली त्याला मात्र कोणी नोटीस देत नाही. आमच्या गावात रस्त्याचा नकाशा प्रथम पाहायला मिळाला तेव्हा दुभाजक बांधून झाला होता. नकाशा इंग्रजीत होता आणि त्यावर साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्यावरचे अंतर सांगणारे आकडे, होते. कोणत्या साखळीला शाळा येते हे सांगणारा माणूस हजर नव्हता. सभा सकाळी अकराला, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवली होती. चौदा-पंधरा पुरुष आले, सह्या झाल्या. सभेच्या वृत्तांतात ‘ग्रामस्थांशी चर्चा करण्यात आली’ असे वाक्य आहे. ते खोटे नाही, पण रस्ता ओलांडणाऱ्यांतली फार मोठी संख्या बायांची आणि मुलांची आहे आणि त्यांतले कोणीच तिथे नव्हते.

इंग्लंडमध्ये पादचारी पट्टे १९५१ साली कायद्याने आले, आणि १९८४ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे नवी जागा करायची, बदलायची वा काढून टाकायची असेल तर स्थानिक प्राधिकरणाने आधी पोलिसांशी सल्लामसलत करावी आणि लोकांना जाहीर सूचना द्यावी असे बंधन आहे. तिथले रस्ते आणि आपले रस्ते सारखे नाहीत, पण लोकांना आधी सांगण्याची ही रीत उचलायला आपल्याला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे त्यासाठीची साधने उलट अधिक आहेत. वर्षातून चार ग्रामसभा होतात आणि त्यांच्या आधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यायची असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. मूल कोणत्या रस्त्याने शाळेत येते हे या समितीइतके कोणाला ठाऊक असणार? पट्ट्यांच्या जागेचा प्रत्येक प्रस्ताव आधी महिला ग्रामसभेपुढे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे मराठीत मांडावा, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी अशी की नकाशाच्या आधी जागेवर या. अभियंत्याने, पोलिसाने आणि गावच्या दोन-चार बायांनी मिळून ती वाट एकदा चालून पाहावी, शाळेच्या वेळेला एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा. प्रस्तावित पट्ट्यांच्या जागी कबड्डीचे मैदान आखतो तशी फक्की मारावी आणि पोलिसांच्या बंदोबस्तात आठवडाभर ती जागा वापरून पाहावी. आठ दिवसांत कळेल की लोक तिथून जातात की वीस मीटर अलीकडून जातात. थर्मोप्लास्टिकचा रंग आणि सिमेंट त्यानंतर. फक्कीचे पोते किती रुपयांना येते आणि चुकीच्या जागी बांधलेला दुभाजक तोडायला किती लागतात, याचा हिशेब आपल्याकडे आहेच. ज्यांनी हरकत घेतली त्यांना हरकत का मान्य केली किंवा का केली नाही हे लेखी कळवावे. आणि काम झाल्यावर तीन महिन्यांनी त्याच माणसांना पुन्हा विचारावे. माणसाला नकार पचतो, त्याच्या अर्जाला उत्तरच न येणे पचत नाही.

शहरांतली दुखणी वेगळी आहेत, म्हणून थोडक्यात. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात आणि शिकवणीच्या वेळा सुटल्या की शहराच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांचे लोंढे उतरतात. तिथे विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय जागा ठरवणे चुकीचे ठरेल. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर एकामागून एक उड्डाणपूल झाले, वाहने वरून गेली, आणि खालच्या चौकांत पायी माणसाने डावीकडे अखंड वळणाऱ्या वाहनांतून वाट काढायची. नांदेडला गुरुद्वाराच्या दर्शनासाठी देशभरातून येणाऱ्यांत मराठी न वाचणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी चित्रांच्या पाट्या लागतील. सिग्नल असेल तिथे पादचाऱ्याचा हिरवा दिवा तरुणाच्या नव्हे, म्हाताऱ्याच्या चालीने लावावा.

आपल्या भागाचे आणखी काही विशेष कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाहीत, ते लोकच सांगतील. पावसाळ्यात शेतातून रस्त्यावर चढणारे ट्रॅक्टर चाकांबरोबर काळी माती आणतात आणि दोन दिवसांत पट्टे चिखलाखाली जातात. पट्टे धुणे आणि पुन्हा रंगवणे हे कोणाचे काम, हे मंजुरीच्या कागदावरच लिहिलेले असावे. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय धावतात आणि त्यांना पटकन थांबता येत नाही. कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ओलांडण्याच्या जागा हंगामाआधी तपासल्या पाहिजेत. आठवडी बाजाराच्या दिवशी ओलांडणाऱ्यांची संख्या वेगळीच असते, म्हणून मोजणी त्या दिवशीही हवी. आश्विनात तुळजापूरला पायी जाणारे भाविक आणि आषाढीला परळी, अंबाजोगाईवरून पंढरपूरकडे जाणारी गजानन महाराजांची पालखी ठरल्या वेळी ठरल्या वाटेनेच येतात. त्यांच्यासाठी तात्पुरत्या जागा, दिवे आणि होमगार्ड यांचे नियोजन महिनाभर आधी करता येते.

कायदा आता बराचसा पायी माणसाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांप्रमाणे सिग्नल नसलेल्या पादचारी पट्ट्यांपाशी चालकाने वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून पादचाऱ्याला वाट दिली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेले कलम १९८ क रस्त्याची रचना, बांधकाम व देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर प्राधिकरणाला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. त्याच दुरुस्तीने पादचाऱ्यांविषयी नियम करण्याचे काम राज्य शासनाकडे दिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे म्हटले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. नियमांत लोकांना विचारण्याची पद्धत नेमकी लिहिली जावी, अशी शिफारस आपण आठही समित्यांनी मिळून शासनाला करावी. मराठवाड्याने एकमुखाने मागितले तर त्या शिफारशीला वजन येईल.

माझ्या गावापुरते मागणे लहान आहे. आपल्या पुढच्या बैठकीच्या आधी एखाद्या शाळेच्या दिवशी सकाळी साडेनऊला आमच्या फाट्यावर या. शाळेची घंटा दहाला होते. अर्धा तास थांब्याच्या सावलीत उभे राहून कण्हेरीच्या त्या फटीतून कोण कोण जाते ते पाहा, आणि मग फक्की कुठे मारायची ते तिथल्या बायांना विचारा. पोते मी आणून ठेवतो. दुसरीतली ती मुलगी आता तिसरीत गेली आहे. ती अजून तिथूनच जाते.

आपला नम्र,
महामार्गालगतच्या गावातील एक निवृत्त स्थापत्य अभियांत्रिकी सहायक